थोर गोलंदाज बाळू पालवणकर

सुगी आटोपून रान मोकळे झाले म्हणजे गंगाखेड, जिंतूर, पाथरी, सेलू ह्यांपैकी कोणत्याही तालुक्यातील खेड्यात संध्याकाळच्या वेळी जावे. ज्वारीची धसकटे उपटून मुलांनी एक सपाट तुकडा साफ केलेला असतो, तीन काठ्या रोवलेल्या असतात, आणि क्रिकेटचा खेळ रंगात आलेला असतो. आजच्या खेळाडूंची नावे ही मुले धड्याप्रमाणे पाठ म्हणून दाखवितात. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी, जेव्हा हा खेळ साहेबांचा आणि मोठ्या घरच्यांचा समजला जाई, तेव्हा ज्याने अगदी खालच्या पायरीवरून येऊन मैदान गाजविले, त्याचे नाव विचारले तर ती मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. त्या पुरुषाचे नाव बाळू पालवणकर. त्यांचा खेळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ते आता कोणी उरले नाहीत. तथापि बापाने मुलाला व मुलाने नातवाला सांगत त्यांची कीर्ती आमच्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

मंडळीच्या पत्रात एका खेळाडूचे चरित्र कशास हवे, असे एखादा वाचक मनात म्हणेल. त्यास आमचे उत्तर एवढेच, की ज्या माणसाचे काम हवे असते त्याच्या हातचे पाणी मात्र नको असते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबापणजोबांना आलेला आहे. बाळूंचे सगळे आयुष्य ह्याच एका प्रश्नाशी झगडण्यात गेले. म्हणून त्यांची हकीकत आपल्या लोकांना परकी वाटणार नाही असा आमचा भरवसा आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. पालवण हे कोकणातील गाव. त्यावरून घराण्याचे नाव पालवणकर पडले. हे कुटुंब चर्मकार ज्ञातीचे, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांपैकी होते. वडील सैन्याच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य पुण्यास झाले. छावणीतले गोरे अंमलदार क्रिकेट खेळत आणि जुनी झालेली बॅट अथवा चेंडू टाकून देत. त्या टाकलेल्या सामानावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. पुढे गणपत व विठ्ठल हे आणखी दोघे भाऊही ह्याच खेळात नावारूपास आले. एकाच घरातील चार सख्खे भाऊ मैदानावर नाव कमावतात, ही गोष्ट कोणत्याही काळी दुर्मिळच म्हटली पाहिजे.

घरची स्थिती गरिबीची असल्यामुळे बाळूंना शाळा लवकर सोडावी लागली. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात त्यांस नोकरी मिळाली. मैदान झाडणे, खेळपट्टीवरून रूळ फिरविणे, आणि सभासदांस सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये मिळू लागले. काम पूर्वीचेच: जाळी बांधावी, रेघा आखाव्या, खेळपट्टी नीट करावी, आणि साहेब लोक बॅट घेऊन उभे राहिले म्हणजे त्यांस गोलंदाजी करावी.

ह्या चाकरीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, म्हणून ते चाकराकडे. बॅट धरण्यात मान, म्हणून ती साहेबाच्या हाती. इतकी वर्षे त्या मैदानावर राबूनही बाळूंच्या हाती तेथे बॅट कोणी दिली नाही. पण ज्यास लोक हलके काम समजत होते त्यातच बाळूंनी आपली विद्या साधली. क्लबात ग्रेग नावाचे एक लष्करी अंमलदार होते. फलंदाजीत त्यांचा हात धरणारा त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच सापडे. ते सरावासाठी दररोज लवकर येत व बाळूंकडून तासचे तास गोलंदाजी करवून घेत. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यावयाचे, असा त्यांनी बाळूंशी ठराव केला होता, अशी आख्यायिका आहे. महिना चार रुपये मिळविणाऱ्या तरुणास आठ आण्यांचे मोल काय असेल हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. अशा रीतीने देशातील उत्तमातील उत्तम फलंदाजासमोर हजारो चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला.

बाळू डाव्या हाताने गोलंदाजी करीत. त्यांच्या चेंडूला फार वेग नसे. परंतु तो दोन्ही बाजूंस वळे, कधी उंचावरून अलगद येई, तर कधी झपकन खाली बसे, आणि हाताची फेक दर वेळी सारखीच असल्यामुळे पुढे काय येणार हे फलंदाजास उमजत नसे. पावसाने खेळपट्टी ओलसर झाली असली म्हणजे तर त्यांच्यापुढे टिकणे कठीण होई. इंग्लंडात त्या वेळी विल्फ्रेड ऱ्होड्स हे डावखुरे गोलंदाज प्रसिद्ध होते. बाळूंस हिंदुस्थानचे ऱ्होड्स असे लोक म्हणू लागले.

हा लौकिक पुण्यात पसरला तेव्हा तेथील हिंदूंच्या क्लबापुढे पेच पडला. त्यांस गोऱ्यांच्या क्लबाला हरवावयाचे होते, आणि ते करून दाखवील असा गोलंदाज तर अस्पृश्य मानलेल्या ज्ञातीचा. काही सभासद त्यांस घ्यावे म्हणत, काही विरोध करीत. अखेर जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली व बाळूंस संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वजण त्यांनी हाताळलेला चेंडू हाताळीत. पण खेळ थांबून चहाची वेळ झाली म्हणजे देखावा पालटे. इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंस तो बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून मिळे. हातपाय धुवावयाचे असले तर त्यांच्याच सारखा एखादा अस्पृश्य चाकर मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन त्यांच्या हातावर पाणी ओती. जेवणही निराळे, ताटही निराळे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. चेंडू तोच, तो बाळूंच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जाई, आणि त्यास विटाळ होत नसे. पेला मात्र विटाळे. ज्या गोष्टीत आपला लाभ तेथे शिवाशीव नाही, आणि जेथे माणसास माणूस म्हणून मान द्यावयाचा तेथे मात्र ती आहे, हे त्या व्यवहाराचे खरे रूप होते. बाळूंनी ह्यावर भांडण केले नाही व खेळही सोडला नाही. ते गडी बाद करीत राहिले.

लवकरच साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून तेथील खेळपट्टीवरून आठवडाभर रूळ फिरवून ती टणक करण्यात आली होती, असे सांगतात. तरीही त्यांनी सात गडी बाद केले व पुण्याचा संघ जिंकला. संघ परत आल्यावर पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी त्या सुमारास एका सभेत पुणेकरांस असा बोध केल्याचे सांगतात, की ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास आपण मागे सरता कामा नये. रानड्यांसारख्या पुरुषाचा शब्द म्हणून त्याचे वजन पडले. पण एका भाषणाने जुनी सवय सुटत नाही.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली आणि पुढे बाळू मुंबईस आले. तेथे त्यांनी रेल्वेची नोकरी धरली व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातून ते खेळू लागले. येथेही त्यांच्या प्रवेशास आरंभी काहींचा विरोध होता. परंतु जिमखान्याच्या जाणत्या पुढाऱ्यांनी तो मोडून काढला. मुंबईत पुण्यापेक्षा मोकळे वारे होते. हळूहळू ह्या भावांची पंगत इतर खेळाडूंबरोबर बसू लागली.

त्या काळी मुंबईतील मोठे सामने धर्मावर व वर्णावर उभारलेले असत. एका बाजूस युरोपियन, दुसऱ्या बाजूस पारशी. १९०७ पासून तिसरा संघ हिंदूंचा, आणि १९१२ पासून चौथा मुसलमानांचा. पुष्कळ वर्षांनी, १९३७ मध्ये, इतर सर्वांचा मिळून पाचवा संघ झाला. त्यात आपले ख्रिस्ती खेळाडूही असत. सांगलीचे विजय हजारे ह्यांनी त्याच संघाकडून १९४३ मध्ये हिंदूंविरुद्ध एका डावात ३०९ धावा काढल्या, आणि त्या वेळी संघाच्या एकूण धावा होत्या ३८७. धर्मवार संघांची ही पद्धत १९४६ मध्ये बंद पडली, आणि बरे झाले असेच आम्ही म्हणू. तथापि बाळूंच्या तारुण्यात हेच सामने सगळ्या शहरास वेड लावीत.

१९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईस हिंदू व युरोपियन ह्यांचा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियन पहिल्या डावात १९१ धावांवर व दुसऱ्यात अवघ्या १०२ धावांवर बाद झाले. १०९ धावांनी हिंदूंचा जय झाला, आणि त्या जयात बाळूंच्या डाव्या हाताचा वाटा फार मोठा होता. बंधू शिवरामही ह्याच संघात होते. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात हरविले म्हणून लोकांच्या आनंदास पारावार राहिला नाही. सुधारकांच्या इंडियन सोशल रिफॉर्मर ह्या पत्राने मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. ह्या चर्मकार बंधूंना जिमखान्यात सामील करून घेतल्यामुळे हजारो तरुणांची मने जितकी उदार झाली तितकी ती दुसऱ्या कोणत्याही खटपटीने झाली नव्हती, असा त्याचा अभिप्राय होता. आम्हांस हा अभिप्राय यथार्थ वाटतो. उपदेश कानावरून जातो. पण ज्याच्या खेळावर आपण टाळ्या वाजविल्या त्यास हीन मानणे पुढे जड जाते.

१९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कप्तान होते. संघात हिंदू, पारशी, मुसलमान असे सर्व होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे बंधूही होते. देश थंड, मैदाने अनोळखी, आणि संघ तर वारंवार हरे. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरले व सहाच जिंकले. लेस्टरशायर व सॉमरसेट ह्या परगण्यांच्या संघांना मात्र त्यांनी नमविले. साऱ्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले, आणि प्रत्येक गड्यामागे एकोणीसपेक्षाही कमी धावा दिल्या. खांदा दुखत असतानाही ते चेंडू टाकीत राहिले. त्यांचे वय तेव्हा पस्तिशीचे होते. मोठ्या सामन्यांत एकंदर आयुष्यात त्यांनी ३३ वेळा खेळून १७९ गडी बाद केले. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला. तोवर बाळूंचा खेळ संपून बारा वर्षे होत आली होती. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव सापडत नाही, आणि आजची मुले त्यांस ओळखीत नाहीत ह्याचे एक कारण हेही आहे.

विलायतेहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने तयार केले होते, असे सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास ठाऊक झालेले भीमराव. पिचलेल्या लोकांत जन्मलेला एक पुरुष सातासमुद्रापार जाऊन नाव काढून आला, ह्याचा अभिमान त्या काळच्या तरुण मनांत किती भरला असेल, ह्याची कल्पना करता येते.

आता त्यांच्या आयुष्यातील दुःखाचा भाग सांगितला पाहिजे. गोलंदाज म्हणून बाळूंची बरोबरी करील असा हिंदू संघात कोणी नव्हता. अनुभवानेही ते सर्वांत वडील. कप्तान नेमण्याची वेळ आली म्हणजे मात्र दरवर्षी दुसऱ्याचे नाव पुढे येई. १९१३ मध्ये पै ह्यांस कप्तान केले तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने जाहीर रीतीने कबूल केले, की हा मान वास्तविक बाळूंचा होता. पण कबुली निराळी आणि नेमणूक निराळी. हाताने गडी बाद करावे हे चाले. त्याच हाताने इतरांस जागा दाखवून हुकूम करावा हे चालत नसे.

१९२० मध्ये हे दुखणे फुटले. त्या वर्षी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले, आणि कप्तानपद नेमतानाही ह्या बंधूंचा विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्यांनी आपणही खेळणार नाही असे कळवून संघ सोडला, व जातीमुळे हा अन्याय होतो असे उघड सांगितले. लोकमत त्यांच्या बाजूस वळले. शेवटी चालकांनी बाळूंस परत बोलावून उपकप्तान नेमले, आणि सामना चालू असता कप्तान पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंनी संघाचे नेतृत्व करावे. वीस वर्षांच्या सेवेनंतर काही घटकांचा हा मान! वाचणाऱ्यास संतोष वाटावा की खेद वाटावा, हे आम्ही वाचकांवरच सोपवितो.

परंतु थोरल्या भावाने पेरले ते धाकट्याच्या वाट्यास आले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हे हिंदू संघाचे कप्तान झाले, आणि त्या वर्षी त्यांच्या हाताखाली संघाने युरोपियनांना अंतिम सामन्यात हरविले. लोकांनी त्यांस खांद्यावर उचलून घेतले. ज्या घरच्या माणसाने मैदानाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा घेतला होता, त्याच घरच्या माणसाला सर्व ज्ञातींच्या लोकांनी डोक्यावर घेतले. ह्या दोन गोष्टींमध्ये पंचवीस-तीस वर्षांचा काळ गेला. विठ्ठलांनी पुढे १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन ह्या नावाचे आत्मवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. त्यामुळे ह्या कुटुंबाची हकीकत त्यांच्याच घरच्या माणसाच्या लेखणीतून मागे राहिली, हे आपल्या भाषेचे भाग्य होय.

खेळ सुटल्यावर बाळू सार्वजनिक कामात पडले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत तेही होते. अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नसावेत ह्या प्रश्नावर त्यांचे व डॉ. आंबेडकरांचे मत निराळे होते. स्वतंत्र मतदारसंघ बाळूंना मान्य नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली, आणि बाळू हरले. ज्याने एकदा मानपत्र रचले आणि ज्याने ते स्वीकारले, ते दोघे असे समोरासमोर यावे, हा काळाचा खेळ होय. एकाने आयुष्यभर मिळून राहण्याची वाट धरली, दुसऱ्याने हक्क मागण्याची. लोकांनी कोणती वाट निवडली हे मतांवरून दिसून आले. म्हणून बाळूंचा मोठेपणा कमी होत नाही. पण केवळ गुण व सोशिकपणा ह्यांनी न्याय मिळतो असेही त्यांच्या चरित्रावरून म्हणता येत नाही. विठ्ठल व शिवराम ह्यांनी एकदा ठाम नकार दिला, तेव्हाच दार हलले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझ येथे त्यांच्या अंत्ययात्रेस जुने क्रिकेटपटू आले होते, आणि दलित समाजाचे पुढारीही आले होते. त्यानंतर पुष्कळ वर्षे त्यांचे नाव मागे पडले. २००२ मध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा ह्यांनी हिंदी क्रिकेटच्या इतिहासावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांची हकीकत सविस्तर लिहिली, तेव्हा नव्या पिढीस ती पुन्हा कळली. आता जुन्या खेळाचे भक्त त्यांचे नाव आदराने घेतात.

आपल्या जिल्ह्यात क्रिकेटचे मैदान आता कोणास परके राहिले नाही. एकाच संघात वाड्यातला मुलगा असतो आणि वस्तीवरचाही असतो, व चेंडू सर्वांच्या हातून फिरतो. परंतु खेळ संपल्यावर ती मुले तहानेली होऊन कोणाच्या दारी जातात, आणि त्यांस पाणी कोणत्या भांड्यातून मिळते, हे वडील माणसांनी एकदा निरखून पाहावे. हॉटेलाच्या फळीवर कोणासाठी वेगळा पेला ठेवलेला असेल तर तो कोणाचा, हेही पाहावे. आणि हा प्रश्न इतरांस विचारण्यापूर्वी आपण आपल्या घरातही विचारावा. आपल्या मंडळ्यांत निरनिराळ्या ज्ञातींतून आलेली माणसे एका बाकावर बसतात. पण लग्नाची बोलणी निघाली, अथवा जेवणाची पंगत बसली, म्हणजे जुनी रेघ कोठे दिसत तर नाही ना? दिसत असेल, तर ती पुसण्याचे काम आपलेच आहे.

संध्याकाळी गावची मुले खेळून घरी येतील तेव्हा कोणीतरी त्यांस बाळू पालवणकरांची गोष्ट सांगावी, एवढीच आमची विनंती. ती सांगताना त्यांनी किती गडी बाद केले तेही सांगावे, आणि चहा कोठे बसून घेतला तेही सांगावे.